होडीची जन्मतारीख



या व्यासपीठावरून गडकोटांविषयी, ताम्रपटांविषयी आणि बखरींविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल. आज आम्ही ज्या वस्तूचे वय काढावयास निघालो आहोत ती ना राजाची, ना देवाची. ती आहे अमेरिकेतल्या एखाद्या तळ्याकाठी पालथी पडलेली, बारा-चौदा फूट लांबीची, रंग उडालेली ॲल्युमिनियमची होडी. आजोबा गेले, गोठ्यामागे होडी सापडली, आणि नातू विचारू लागला की ही कोणत्या कारखान्याची, कोणत्या सालची आणि कोणत्या नमुन्याची? तिकडे असे प्रश्न हजारो घरांतून विचारले जातात. नोंदणीसाठी साल हवे असते, तुटका भाग बसविण्यासाठी नमुना माहीत असावा लागतो, आणि पुष्कळांना काहीही नको असून केवळ जाणून घ्यावयाचे असते.

प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु इतिहासातल्या साऱ्या अडचणी त्यात हजर आहेत. कागद नाही, करणारा हयात नाही, कारखाना बुडाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, आणि सांगीवांगी मात्र हवी तितकी. शिवाय नावही फसवे असते. आपल्या घरोघरी ॲल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मल'चे पातेले म्हणत आले आहेत. म्हणून ते पातेले जर्मनीहून आले असे कोणी मानत नाही. होडीवरच्या नावाचेही तसेच आहे, हे पुढे दिसेल.

या विषयाकडे आम्ही वळलो ते आमच्या रोजच्या कामातून. १९७२ साली आपल्याकडे ग्रॅच्युइटीचा कायदा झाला आणि पाच वर्षांच्या अखंड नोकरीनंतर कामगाराला त्या रकमेचा हक्क मिळाला. परंतु रक्कम नोकरीच्या वर्षांवर ठरते, म्हणजे कामगार कामाला लागला तो दिवस सिद्ध व्हावा लागतो. आमच्याकडे एकदा लेथवर काम केलेला एक म्हातारा कामगार आला. नेमणुकीचे पत्र नव्हते. हजेरीपट पावसात भिजून गेले, असे कंपनीचे म्हणणे. त्या गृहस्थापाशी उरला होता एक पितळी बिल्ला. बिल्ल्यावर कंपनीचे जुने नाव होते, आणि ते नाव कंपनीने १९७४ साली बदलले होते. अर्थात माणूस १९७४ पूर्वीचा. त्याच्या थाळीवर बायकोने घालून घेतलेले नाव व साल, पहिल्या बोनसातून घेतलेल्या सायकलची पावती, अशा दोनचार गोष्टींनी आम्ही तारीख अलीकडून पलीकडून आवळत नेली. होडीचे वय काढणाऱ्याची रीतही हीच. 'याच्या आधीची नव्हे' आणि 'याच्या नंतरची नव्हे' अशा दोन भिंती उभ्या करावयाच्या, आणि त्या शक्य तितक्या जवळ आणावयाच्या.

तेव्हा प्रथम लांबची भिंत पाहू. १८८६ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ओबर्लिन गावी चार्ल्स मार्टिन हॉल याने, आणि फ्रान्समध्ये पॉल एरू याने, एकमेकांची वार्ता नसताना, विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळे करण्याची एकच युक्ती शोधून काढली. दोघेही १८६३ साली जन्मलेले, आणि मौज अशी की दोघेही १९१४ साली वारले. त्यापूर्वी हा धातू इतका दुर्मिळ होता की १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर त्याचे छोटे टोक कौतुकाने बसविण्यात आले होते. हॉलच्या युक्तीनंतर तो स्वस्त झाला आणि हलक्या धातूची होडी करावी अशी कल्पना लगेच निघाली.

पहिला धडा मात्र महागात पडला. १८९५ साली नथॅनियल हेरेशॉफ याने ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल येथे 'डिफेंडर' नावाची शर्यतीची नौका बांधली. पाण्याखालचा भाग ब्राँझचा, वरचा भाग ॲल्युमिनियमचा, आतल्या फासळ्या पोलादाच्या. नौका हलकी झाली, अमेरिका कपाची शर्यत तिने जिंकली. परंतु खारे पाणी आणि निरनिराळे धातू एकत्र आले की त्यांत विजेची घट तयार होते आणि दुबळा धातू झिजू लागतो. ॲल्युमिनियम हा त्यांत दुबळा. 'डिफेंडर' किडत गेली आणि १९०१ साली मोडीत निघाली. आजही जुन्या होडीला कोणी मागाहून पितळी किंवा पोलादी खिळा मारला असेल तर त्याच्याभोवती पांढरी भुकटी साचलेली दिसते. ती खूण पाहून तेथे कारखान्याचा हात नव्हे, मालकाचा हात फिरला, असा संशय घ्यावा.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. त्याला बळ आले ते मिश्रणाने. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म याला असे आढळले की तांबे व मॅग्नेशियम घातलेला पत्रा तापवून, पाण्यात विझवून, नुसता ठेवून दिला तरी काही दिवसांत कठीण होतो. त्यातून ड्युरालुमिन निघाले आणि विमाने धातूची झाली. परंतु तांब्यामुळे तो पत्रा पाण्याला टिकत नाही. होडीला मॅग्नेशियमची, किंवा मॅग्नेशियम व सिलिकॉन यांची मिश्रणे मानवली. १९३० च्या दशकात ही मिश्रणे तयार होती. नव्हता तो स्वस्त पत्रा, आणि तो वाकविणारे हात.

ते दोन्ही महायुद्धाने दिले. १९३९ ते १९४३ या चार वर्षांत अमेरिकेतले ॲल्युमिनियमचे उत्पादन पाचपटींहून अधिक वाढले. सारा धातू विमानांकडे जात होता. लाँग आयलंडवरील बेथपेज येथील ग्रमन कंपनीत वीस हजारांहून अधिक माणसे कामाला होती, त्यांत स्त्रिया पुष्कळ. 'हेलकॅट' या एकाच जातीची बारा हजारांहून अधिक लढाऊ विमाने त्यांनी उभी केली. पत्रा ताणून साच्यावर बसविणे, भट्टीत तापवून कठीण करणे, हजारो रिव्हेटांनी जोडणे, ही विद्या त्या हातांत भिनली होती.

१९४४ साली ग्रमनचे एक उपाध्यक्ष विल्यम हॉफमन ॲडिरॉन्डॅकच्या डोंगराळ तळ्यांत फिरावयास गेले. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना होडी खांद्यावर घेऊन चालावे लागे. ती कॅनू, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने हाकण्याची होडी, लाकडाची व वरून कापड चढविलेली होती. पाणी पिऊन ती जड होई. विमानाच्या पत्र्याची का करू नये, असे त्यांच्या मनात आले. १९४५ साली ग्रमनच्या ॲल्युमिनियमच्या कॅनू बाहेर पडू लागल्या. दोन अर्धुके ताणून घडवावयाची आणि मधोमध कण्यावर रिव्हेटांनी शिवावयाची, अशी त्यांची कृती होती. १९५२ साली हे काम न्यूयॉर्क राज्यातल्या मॅरॅथॉन या गावी हलविण्यात आले.

इतिहासाची पुस्तके हॉफमन यांच्या सहलीपाशी थांबतात. आम्हांला एक पाऊल पुढे जावेसे वाटते. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला आणि लढाऊ विमानांची मागणी एकाएकी संपली. ग्रमनने बहुतेक कामगारांना एकदम कमी केले आणि त्यांतल्या थोड्यांनाच परत बोलाविले. होडीचा जन्म झाला तो या दिवसांत. धातू पडून होता, यंत्रे पडून होती, आणि हातांना काम नव्हते. हॉफमन यांना कल्पना सुचली हे खरे. पण ती कल्पना पहिल्याच फटक्यात पाण्यावर तरंगली, याचे कारण रिव्हेट कसा बसवावा हे शिकविण्याची कोणाला गरज उरली नव्हती.

हीच गोष्ट थोड्याफार फरकाने गावोगाव घडली. मिनियापोलिसला फ्लॉवर सिटी ऑर्नामेंटल आयर्न ही कंपनी इमारतींची शोभिवंत लोखंडी कामे करीत असे. १९४६ पासून तिच्याकडून 'ॲल्युमाक्राफ्ट' होड्या येऊ लागल्या. मिनेसोटातल्या न्यूयॉर्क मिल्स या खेड्यात हॉवर्ड लंड यांनी १९४८ साली पहिली होडी केली. खेड्याचे नाव ऐकून कोणी ती न्यूयॉर्कची समजू नये. इंडियानातल्या गोशेनची 'स्टारक्राफ्ट' मुळात शेतावरच्या पाण्याच्या टाक्या करणारी कंपनी होती. विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉकची 'मिरो' तर स्वयंपाकाची भांडी करणारी. तिच्या होड्या 'मिरोक्राफ्ट' या नावाने विकल्या गेल्या. म्हणजे पातेले आणि होडी यांचे नाते आम्ही ओढूनताणून लावलेले नाही. आणखी कितीतरी कारखाने निघाले, थोडी वर्षे चालले आणि बंद पडले. त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या. आजचा प्रश्न तेथूनच उद्भवतो.

आता होडी उलटी करून नीट पाहू.

पहिला प्रश्न: मागच्या फळीवर, उजव्या अंगाला, वरच्या काठाजवळ बारा अक्षरांचा क्रमांक कोरला आहे काय? अमेरिकेत १९७१ साली नौकासुरक्षेचा कायदा झाला, आणि १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या होडीवर असा क्रमांक घालणे कारखान्याला बंधनकारक झाले. पहिली तीन अक्षरे कारखान्याची, पुढची पाच त्या होडीची, शेवटची चार काळाची. काळ लिहिण्याच्या दोन रीती प्रथम चालू होत्या. एकीत सरळ महिना व साल: शेवटी ०५७३ असेल तर मे १९७३. दुसरीत 'एम' हे अक्षर, मग नमुन्याचे साल, मग महिन्याचे अक्षर. आणि हे वर्ष ऑगस्टपासून मोजावयाचे, म्हणून 'ए' म्हणजे ऑगस्ट. 'एम७८डी' असे असेल तर नमुना १९७८ चा, पण होडी तयार झाली नोव्हेंबर १९७७ मध्ये. १ ऑगस्ट १९८४ पासून तिसरी, एकच रीत आली: महिन्याचे अक्षर, तयार झाल्याच्या सालाचा शेवटचा आकडा, आणि नमुन्याच्या सालाचे दोन आकडे. येथे 'ए' म्हणजे जानेवारी. 'के५८६' म्हणजे नोव्हेंबर १९८५ मध्ये झालेली, १९८६ च्या नमुन्याची होडी. याच वेळेपासून तोच क्रमांक आत, सहज न दिसणाऱ्या जागीही घालावा लागू लागला, म्हणजे चोराने बाहेरचा घासून काढला तरी आतला साक्ष देईल.

क्रमांक असल्यास काम संपले. नसल्यास, आणि तो खरवडून काढल्याची खूण नसल्यास, होडी बहुधा नोव्हेंबर १९७२ पूर्वीची. घरी बांधलेली होडी हा त्याला अपवाद असू शकतो. ही झाली अलीकडची भिंत.

दुसरा प्रश्न: नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना, राज्याची अक्षरे व आकडे रंगविले आहेत काय? हा क्रमांक वेगळा. १९५८ च्या कायद्याने इंजिनाच्या होड्यांना राज्याराज्यांतून असे क्रमांक देण्याची पद्धत आली. तो मालकाच्या नोंदणीचा क्रमांक, होडीच्या जन्माचा नव्हे. जुनी होडी नव्या मालकाने कधीही नोंदविली असेल. नोंदणीच्या कागदावरचे सालही जपून घ्यावे. मालकाने खिडकीपाशी उभ्याउभ्या आठवून सांगितलेले साल पुष्कळदा शून्याने किंवा पाचाने संपते. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मुलांच्या जन्मतारखा एक जूनला कशा येतात, हे आपणांस ठाऊक आहेच.

तिसरा प्रश्न: कारखान्याची पट्टी शिल्लक आहे काय? असेल तर तीवरचा पत्ता वाचावा. अमेरिकेत मोठ्या शहरांच्या नावापुढे टपालविभागाचा एक किंवा दोन आकडी क्रमांक लिहिण्याची पद्धत १९४३ साली आली, आणि १ जुलै १९६३ पासून तिच्या जागी पाच आकडी पिनसारखा क्रमांक आला. पत्त्यात 'मिनियापोलिस' या नावापुढे नुसते दोन आकडे असतील तर पट्टी या वीस वर्षांतली. पाच आकडे असतील तर १९६३ नंतरची. जुन्या पट्ट्या संपेपर्यंत कारखाना वापरीत राहतो, म्हणून एकदोन वर्षांची सूट ठेवावी. गावाचे नावही बोलते. ग्रमनच्या कॅनूवर बेथपेज असेल तर ती आरंभीची मानण्यास आधार मिळतो. मॅरॅथॉन असेल तर १९५२ च्या पुढची. पट्टीवर पेटंटचा क्रमांक असेल तर तोही कामाचा: वीस लाखावे पेटंट १९३५ साली, तीस लाखावे १९६१ साली निघाले. तीस लाखांवरचा क्रमांक असलेली पट्टी १९६१ च्या आधीची असूच शकत नाही. किती माणसे, किती वजन हे सांगणारी पट्टी १९७२ पासून लहान होड्यांना सक्तीची झाली, तरी काही कारखाने ती त्याआधीही आपखुषीने लावीत. तेव्हा नुसती पट्टी आहे यावरून साल ठरवू नये, तीवर कोणत्या संस्थेचे नाव आहे ते पाहावे. होडी-कारखानदारांची 'एनएमएमए' ही संस्था १९७९ साली स्थापन झाली. ती अक्षरे दिसली तर पट्टी त्यानंतरची.

चौथा प्रश्न धातूचा. बाकाखाली, जेथे ऊन व पाणी लागत नाही तेथे, पत्रा ओढणाऱ्या गिरणीचा शाईचा ठसा कधी कधी टिकलेला असतो. १९५४ पर्यंत मिश्रणांना '६१ एस', '५२ एस' अशी नावे होती. त्या साली चार आकडी नावांची पद्धत आली, आणि तीच मिश्रणे ६०६१ व ५०५२ झाली. मिश्रण तेच, नावाने साल सांगितले.

पाचवा प्रश्न सांध्याचा. पत्रे रिव्हेटांनी जोडले आहेत की वितळवून? ॲल्युमिनियम हवेतल्या प्राणवायूशी इतक्या लवकर संयोग पावते की साध्या वेल्डिंगने त्याचा सांधा नीट धरत नाही. निष्क्रिय वायूच्या आच्छादनाखाली वेल्डिंग करण्याची युक्ती १९४० च्या दशकात निघाली, आणि तार आपोआप पुढे सरकणारी रीत १९४८ साली. तेव्हा सगळी होडी वेल्ड केलेली असेल तर ती युद्धानंतरच्या पहिल्या दोनचार वर्षांतली असण्याचा संभव फार थोडा. उलटे मात्र म्हणता येत नाही. रिव्हेटची होडी जुनीच, असे नाही. भट्टीत कठीण केलेला पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने पुन्हा मऊ पडतो, म्हणून कित्येक कारखान्यांनी रिव्हेट कधीच सोडले नाहीत.

सहावा प्रश्न आकाराचा. मागच्या फळीला लटकविण्याची इंजिने वर्षागणिक मोठी होत गेली. १९५१ साली जॉन्सनचे २५ अश्वशक्तीचे इंजिन आले आणि १९५८ साली ५० अश्वशक्तीचे. त्याबरोबर होड्यांची मागची फळी जाड व रुंद होत गेली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मोटारींना माशासारखे पंख फुटले, तसे होड्यांनाही फुटले; दुरंगी रंग आले, वाकडी काच आली. थोड्याच वर्षांत ती हौस ओसरली. ही फॅशन म्हणजे आपल्या शिल्पातल्या मुकुटाच्या घडणीसारखी: नेमके साल देत नाही, पण पिढी सांगते. इंजिनावरून मात्र होडीचे वय काढू नये. बैल बदलले म्हणून गाडीचे वय बदलत नाही.

नमुना ओळखावयाचा तर फीत घ्यावी. मधल्या रेषेवरची लांबी, सर्वांत रुंद जागेची रुंदी, मागच्या फळीची उंची, फासळ्यांची संख्या, बाकांची संख्या व घडण, कोपऱ्यावरच्या ओतीव तुकड्यांचा आकार, एवढे कागदावर मांडावे आणि मग कारखान्याच्या त्या त्या वर्षीच्या विक्रीपत्रकाशी ताडून पाहावे. विक्रीपत्रके लोकांनी जपून ठेवली आहेत. येथेही सावधगिरी हवी: चांगला नमुना कारखाना दहा-दहा वर्षे बदलत नाही, आणि तेच नाव पुढे वेगळ्या होडीला देतो.

एक दाखला घेऊ. समजा, चौदा फुटी होडी आहे. बारा अक्षरी क्रमांक नाही, खरवडल्याची खूणही नाही: अर्थात १९७२ पूर्वीची. पट्टीवर मिनियापोलिस आणि पुढे दोन आकडे: म्हणजे १९६३-६४ च्या अलीकडे येत नाही. कारखाना १९४६ चा: म्हणजे त्यापलीकडे जात नाही. शाईचा ठसा चार आकडी: म्हणजे १९५४ पासून पुढे. मागच्या कोपऱ्यांना पंखांचा उठाव: म्हणजे दशकाच्या अखेरीकडे कल. इतक्यात घरातले छायाचित्र निघते. होडी मोटारीच्या टपावर बांधली आहे आणि मोटारीच्या पाटीवर साल छापलेले आहे, कारण त्या काळी तिकडे बहुतेक राज्यांत पाटीवर साल असे. साल १९६१. तेव्हा होडी १९५४ ते १९६१ मधली, आणि बहुधा या पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाची. येथे थांबावे. नातवाला नेमके साल हवे असते. परंतु पुराव्याने जेवढे दिले तेवढेच घ्यावे. आमचा म्हातारा लेथवाला १९७४ पूर्वीचा ठरला. तो १९७१ चा की १९७२ चा याचा निकाल बिल्ल्याने लागला नव्हता, आणि तसा लागला असे आम्ही लवादापुढे कधी म्हटले नाही. म्हटले असते तर सिद्ध झालेलेही हातचे गेले असते.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला ते सांगतो.

१९७२ पूर्वीही पुष्कळ होड्यांवर कारखान्याचे आकडे असत. पण ते आकडे कारखान्याच्या सोयीचे. त्यांची किल्ली कारखान्याच्या वहीत, आणि वही मालकाच्या कपाटात. कारखाना विकला गेला, वही हरवली, की आकडा मुका. ग्रमनचेच पाहा. १९९० साली तिचा होड्यांचा धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेला, पुढे कॅनूचे काम बंद पडले, २००० साली मॅरॅथॉन गावातल्याच जुन्या माणसांनी ते पुन्हा उभे केले, आणि मूळची विमानकंपनी १९९४ सालीच दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. एवढ्या हातांतून जाताना वह्यांचे काय होते ते सांगावयास नको. १९७२ चा क्रमांक मात्र निराळ्या जातीचा होता. त्याची किल्ली कायद्यात छापलेली होती, कोणालाही वाचता येणारी. आणि तो घालावयास लावण्याचे एक मोठे कारण असे, की होडीत दोष निघाला तर ती कोणी, केव्हा केली हे सांगता यावे आणि त्या कारखान्याने ग्राहकाला कळवावे. पहिला आकडा होडीला बांधीत होता. दुसऱ्याने कारखान्याला बांधले.

कारखान्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला हा फरक लगेच कळतो. कामगाराच्या बिल्ल्यावर क्रमांक पूर्वीपासून होता. त्या क्रमांकाने त्याची हजेरी, त्याचा उशीर, त्याचा दंड लिहिला जाई. क्रमांक त्याला बांधी. नेमणुकीचे पत्र, पगाराची चिठ्ठी, ग्रॅच्युइटीचा कायदा, ही सारी धडपड त्याच क्रमांकाने मालकाला बांधण्याची होती. तिकडे नोव्हेंबरात होडीला क्रमांक मिळाला आणि इकडे त्याच वर्षी सप्टेंबरात ग्रॅच्युइटीचा कायदा अमलात आला, हा केवळ योगायोग. पण दोन्हींमागचा प्रश्न एकच: दिवस गेल्यावर जबाबदारी कोणाची, हे कोणत्या लेखावरून ठरवावयाचे?

म्हणून जुन्या होडीला नंबर नाही याचे वाईट वाटून घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. तिचे रिव्हेट पाहावे. धक्क्याचा रिव्हेट एकट्याने बसत नाही. बाहेरून एक जण हवेच्या हातोड्याने डोक्यावर मारतो आणि आतून दुसरा जण पोलादी ठोकळा शेपटावर घट्ट दाबून धरतो. ठोकळा तिरका झाला तर शेपूट तिरके बसते, पाणी झिरपते. आतली गोल, सपाट, एकसारखी शेपटे बोटाने चाचपावीत. मधेच एखादा पोकळ रिव्हेट सापडेल, ज्याच्या मध्यात भोक असते. तो एका बाजूने एकट्या माणसाने बसविलेला, बहुधा मागाहून केलेल्या दुरुस्तीचा. बाकीचे सारे जोडीने बसविलेले. त्या जोड्यांची नावे कोणत्याही पट्टीवर नाहीत. युद्धात विमाने शिवून, शांततेत कामावरून कमी होऊन, ज्या थोड्यांना परत बोलाविले त्यांचे आणि त्यांच्याकडून शिकलेल्यांचे ते काम आहे. साठ-सत्तर वर्षे तळ्यावर राहून सांधा गळत नाही, याहून अधिक विश्वासाची सही आम्हांला ठाऊक नाही.

होडीचे साल आपण दोन भिंतींच्या मध्ये आणून ठेवू शकतो. आपल्या गावातही असे काही पडलेले असेल: बंद गिरणीतला माग, एखादा चरक, पाणी उपसण्याचे जुने इंजिन. त्यावरची पट्टी पुसून पाहा, पत्ता वाचा, सांधे चाचपा, आणि मग गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा की यावर काम कोणी केले. साल लिहिताना ती नावेही लिहून ठेवा. ती सांगणारी माणसे फार दिवस राहत नाहीत.